नुसती प्रिंट

पाटीवर 'टूर्स अँड ट्रॅव्हल्स' असं लिहिलेलं असलं तरी आमच्याकडं सगळ्यात जास्त गिऱ्हाईक येतं ते प्रिंटसाठी. तिकीट मोबाईलवर स्वतःच काढलेलं असतं, हॉटेलही स्वतःच बघितलेलं असतं, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हातात कागद लागतो. पानाला दहा रुपये. स्टेशन रोडचं भाडं भरायचं तर हेही करावं लागतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेला तो मुलगाही प्रिंटलाच आला होता. कॉलेजातला. आजीला घेऊन दुबईला निघालेला, काकाकडं बारसं होतं. शनिवारी मुंबईहून विमान. "काका, तिकीट आणि व्हिसा, दोन्हीची नुसती प्रिंट द्या. आणि पासपोर्टची झेरॉक्स." या घरातली माणसं वडिलांच्या काळापासून आमच्याकडं येत. ऊसबिल जमा झालं की आठवड्यात आजोबा दारात हजर, तिरुपती नाहीतर काशी. नातवाला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

मशीनमधून पासपोर्टचा कागद बाहेर आला आणि माझी नजर सवयीनं आडनावाच्या रकान्यावर गेली. रकाना कोरा. आजींचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव, तिन्ही खालच्या एकाच रकान्यात. आपल्याकडच्या जुन्या पासपोर्टात हे खूप दिसतं. शाळेचा दाखला नाही, रेशनकार्डावरचं नाव सरळ एका ओळीत, आणि फॉर्म भरणाऱ्यानं तसंच ढकललेलं.

एरवी मी काही बोललो नसतो. पण त्याच आठवड्यात, २१ नोव्हेंबरपासून, युएईनं, म्हणजे दुबई ज्या देशात आहे त्यानं, नवा नियम लावला होता: पासपोर्टवर एकच नाव असेल तर प्रवेश नाही. व्हिसा आधीच मिळालेला असला तरी नाही. अशा प्रवाशाला आमच्या धंद्यात 'इनॅड' म्हणतात. तिथल्या इमिग्रेशननं नाकारलं की ज्या विमान कंपनीनं नेलं तिनंच परत आणायचं. म्हणून कंपन्या मुंबईतच, काउंटरवरच, माणूस अडवतात. तिथं बसलेल्या पोरीला आजींच्या घरचं बारसं दिसत नाही, तिला टायमॅटिकच्या, म्हणजे कुठल्या देशाला कोणती कागदपत्रं लागतात ते सांगणाऱ्या यादीच्या, स्क्रीनवर आलेली ओळ दिसते.

आता आजींचं नाव 'एकच' होतं का? शब्द तीन, रकाना एक. नियमात एका शब्दाचं उदाहरण होतं, आमच्यासारख्या तीन शब्दांचं नव्हतं. वेबसाइटला आडनाव भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही, म्हणून नातवानं तिकिटावर आडनाव वेगळं टाकलेलं. आमच्या सिस्टिममध्ये आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग नाव असं लिहितात. आडनाव नसलं तर एक कंपनी नावच दोनदा लिहा म्हणते, दुसरी 'एफएनयू', म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन', लिहा म्हणते. कोणती काय म्हणते हे आम्ही वहीत लिहून ठेवतो. वेबसाइटला ही वही नसते.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "पण व्हिसा तर आलाय की, काका." मोबाईल माझ्यासमोर धरला. आजींचा फोटो, शिक्का, सगळं. त्याचा चेहरा मला वाचता येत होता: तिकीट आपल्याकडून काढलं नाही म्हणून हा माणूस घाबरवतोय. त्याला सगळा दोष देता येत नाही. 'दुबई पंचेचाळीस हजारात' असे मेसेज फिरवून ऐनवेळी फोन बंद ठेवणारे आमच्यातच आहेत, आणि आम्ही त्यांच्याबरोबर चहा पितो.

ट्रॅव्हल एजंट म्हणजे मधला माणूस, कमिशन खातो, हे लोकांच्या डोक्यात पक्कं आहे. खात होतोच. वडिलांच्या वेळी विमानाच्या तिकिटावर नऊ टक्के मिळायचे. आम्हाला थेट एजन्सी नव्हती, मुंबईच्या मोठ्या एजंटाकडून तिकीट यायचं, त्यात त्याचा वाटा. ते तिकीट म्हणजे पुस्तिका, प्रत्येक पानामागं लाल कार्बन, बोटाला लागला की दिवसभर निघायचा नाही. रात्रीच्या लक्झरीच्या ड्रायव्हरकडं पाकीट दिलेलं असायचं. पहाटे कोल्हापूरच्या कावळा नाक्यावर उभं राहून ते उतरवून घ्यायचं काम माझ्याकडं होतं. पावसाळ्यात गाडी घाटात अडकली की पार्टी घरी बॅगा भरून बसलेली आणि तिकीट खंबाटकीत. पासपोर्टसाठी पुण्याच्या फेऱ्या. ते सगळं त्या टक्क्यांत बसत होतं, म्हणून वडील कुणाकडून सल्ल्याचा पैसा मागत नसत.

२००२ मध्ये रेल्वेचं तिकीट इंटरनेटवर आलं. २००८ च्या जूनमध्ये विमानाचं कागदी तिकीट गेलं आणि त्याच वर्षाअखेर देशातल्या मोठ्या कंपन्यांनी कमिशन शून्यावर आणलं. मग आम्ही बिलात 'सर्व्हिस चार्ज' अशी ओळ घातली आणि भांडणं सुरू झाली. चाळीस हजारांच्या तिकिटावर कुणी घासाघीस करत नाही, खालच्या तीनशेवर करतात.

त्या मुलाला मी सांगितलं, प्रिंट घेऊन जा, पण उद्या एकदा फोन कर. आणि कामाला लागलो. विमान कंपनीच्या कॉल सेंटरला दोनदा फोन लावला. पहिल्यानं सांगितलं चालेल, दुसऱ्यानं सांगितलं नाही. शनिवारपर्यंत पासपोर्ट बदलून मिळणं शक्य नव्हतं, आणि मिळाला तरी व्हिसा जुन्या नंबरवर. मग ज्या मोठ्या एजंटाकडून आम्ही आजही तिकिटं घेतो त्याच्यामार्फत कंपनीच्या मुंबई ऑफिसला मेल टाकली, पासपोर्टच्या पुढच्या-मागच्या दोन्ही पानांचे स्कॅन जोडून. तेवढ्यात त्या नियमाचा खुलासा आला, पासपोर्टच्या मागच्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल, पण ज्यांना विमानतळावर व्हिसा मिळतो त्यांनाच. आजींचा व्हिसा आधीच काढलेला, त्यांना तो लागू नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी उत्तर आलं: नावात एकाहून अधिक शब्द आहेत, आम्ही बसवू, पुढं इमिग्रेशनची मर्जी. दोन ओळी. मी त्या छापल्या, सोबत मागचं पान, आधार आणि लग्नाचा दाखला, एक फाइल केली आणि रात्री गाडी सुटायच्या आधी कावळा नाक्यावर मुलाच्या हातात दिली. त्यानं ती पिशवीत टाकली, उघडून बघितली नाही. आजी खिडकीत बसल्या होत्या, त्यांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मोबाईल उशाशी घेऊन झोपलो. रविवारी सकाळी मेसेज आला. "पोचलो काका. काय प्रॉब्लेम आला नाही. उगाच टेन्शन घेतलं." खाली हसरा चेहरा.

बायको म्हणाली, पोचले ना, मग झालं. ते खरं आहे. तरी तो 'उगाच' माझ्या डोक्यातून गेला नाही. समजा मी त्या कागदाकडं बघितलंच नसतं, वीस-तीस रुपये घेतले असते आणि तेही असेच पोचले असते, तर?

जानेवारीत आजी स्वतः आल्या. पासपोर्ट संपत आला होता, नवीन करताना आडनाव नीट घालून हवं होतं. मी सहज विचारलं, मुंबईला विमानतळावर काय विचारलं का हो? "इचारलं तर. बाजूला बसवलं की अर्धा तास! पोरगं पांढरं पडलं. मग त्यानं ती तुझी फाइल काढून दिली. त्या पोरीनं ती आत नेली, कुणाला तरी दावली, आणून दिली आणि जा म्हणाली. वाचली का न्हाई देव जाणे."

एवढंच कळलं. फाइलमुळं सोडलं की तसंही सोडलं असतं, हे ती पोरगीच सांगू शकेल.

मी फॉर्म भरायला घेतला. सरकारी फी दीड हजार, आमचे पाचशे. आजी म्हणाल्या, "पाचशे कशाचे? तुझ्या वडलांनी आमची काशी केली तेव्हा असलं काय घेतलं नव्हतं." घेतलं होतं. माणशी भाव सांगितला त्यातच धरलेलं होतं, वेगळ्या ओळीत लिहिलेलं नव्हतं. हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. तीनशेवर मिटलं, आणि त्यांनी पावती मागितली. पावतीवर कशाबद्दल लिहायचं ते क्षणभर सुचेना. 'फॉर्म भरणे' लिहून सही केली.