इंदुरात डोंगर कुठे आहेत?

"ताई, माळव्यात राहून ज्वालामुखीच्या डोंगरांत पळायचा सराव करता तरी कुठे?" ट्रान्सवल्कानिया पळून आल्यापासून लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न ठरलेला. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: लाव्हावरच. आपलं माळव्याचं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर साचून झालंय. घराचा पाया खणताना निघतो तो मुरूम म्हणजे त्याच काळ्या पाषाणाची झीज.

ट्रान्सवल्कानिया ही स्पेनच्या ला पाल्मा बेटावरची शर्यत. अंतर साधारण 74 किलोमीटर, एकूण चढाई चार हजार मीटरच्या वर. पहाटेच्या अंधारात, कपाळाला दिवा बांधून, फुएनकालिएन्तेच्या दीपगृहापासून निघायचं. जवळच तेनेगिया ज्वालामुखी आहे, 1971 साली उसळलेला. मग पाइनचं रान, मग कड्याच्या काठाकाठानं 2,426 मीटरचा रोके दे लोस मुचाचोस, आणि तिथून थेट समुद्रापर्यंत उतार, ताझाकोर्तेच्या बंदरात.

लोक चढाला घाबरतात. मला विचाराल तर खरी परीक्षा त्या उतारात असते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार झेलतो, त्याचे तंतू दुखावतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. याला उपाय एकच, भरपूर उतरणं. त्यासाठी इंदूरइतकी सोयीची जागा मला ठाऊक नाही. आपण साडेपाचशे मीटरवर, खाली नर्मदाकाठ दोनशेच्याही खाली. सह्याद्रीतला गडी आधी चढतो, मग उतरतो. आपण ताज्या पायांनी चोरल नदीच्या खोऱ्यात उतरतो, आणि ऊन डोक्यावर आलं की दमलेल्या पायांनी घाट चढून घरी येतो.

पाताळपाण्याच्या धबधब्याहून खाली कालाकुंड स्टेशनकडे उतरताना काही ठिकाणी सपाट कातळावर मुरमाचा पातळ थर असतो, फरशीवर मोहरी सांडावी तसा. भीतीनं माणूस मागे रेलतो, टाच आधी टेकवतो आणि तिथेच घसरतो. अंग किंचित पुढे, पावलं आखूड आणि भरभर, असं उतरावं. ला पाल्माच्या काळ्या राखखडीत मात्र नेमकं उलटं, तिथे टाच खोल रोवली तरच पाय ठरतो. जुना लाव्हा आणि ताजा लाव्हा पायाला इतके वेगळे लागतात, हे मला तिथे पोचल्यावरच कळलं, आणि फार आवडलं.

तिथल्या रेल्वेच्या रुळांवरून मात्र पळू नका, बोगदे आहेत. पावसाळ्यात धबधब्याच्या वरच्या पात्रात तर पाऊलही टाकू नका. 2011 च्या जुलैत तिथे अचानक लोंढा आला आणि माणसं वाहून गेली. वर आभाळ कोरडं दिसलं तरी पाणी मागून येतं. शिवाय ओल्या काळ्या मातीचा बुटाला असा लगदा चिकटतो की पाय उचलवत नाही. ते दिवस मी जानापावला देते. साडेआठशे मीटरच्या वरचा डोंगर, माथ्यावर जमदग्नी-परशुरामाचं देऊळ, चंबळेचा उगम. एकदा चढून भागत नाही, म्हणून चार-पाच वेळा वरखाली करते. देवळातले पुजारी आता हाक मारून पाणी देतात.

पहिल्यांदा येणार असाल तर थंडीत या, एकट्यानं नको. दोन लिटर पाणी घ्या आणि कालाकुंडला कलाकंद खाल्ल्याशिवाय परत चढू नका.