कुलूप कधी काढायचे?

सोमवार, रात्र

ग्रंथालयाचा आपत्कालीन आराखडा नव्याने लिहिण्याचे काम आजच्या बैठकीत माझ्या गळ्यात पडले. जुना आराखडा दोन पानांचा आहे. अग्निशामक नळकांडी कोठे टांगलेली आहेत, मेन स्विच कोणी बंद करायचा, दाखलनोंद वह्या कोणत्या कपाटातून आधी बाहेर काढायच्या आणि शेवटी कुलूप कोणी लावायचे, हे त्यात क्रमाने दिलेले आहे. कुलपापाशी आराखडा संपतो. ते पुन्हा कधी काढायचे आणि कोणी काढायचे, याविषयी त्या दोन पानांत अवाक्षरही नाही, ही गोष्ट संध्याकाळपासून माझ्या मनातून जात नाही.

हा आराखडा लिहिणाऱ्याचा दोष मानायला मी तयार नाही. आपत्ती म्हणजे पुस्तकांवर येणारे संकट, अशीच आमच्या पेशाची समजूत आहे आणि मीही ती अनेक वर्षे बाळगली होती. ती मोडली काही वर्षांपूर्वीच्या एका वादळाने. वीज जाऊन तिसरा दिवस होता. आम्ही तिघे जण नुकसानीची पाहणी करायला म्हणून इमारत उघडून आत गेलो, आणि दार उघडे दिसले म्हणून लोक येऊ लागले. वाचायला कोणीच आले नव्हते. कोणाला फोन चार्ज करायचा होता, एकीला तान्ह्या मुलाला कोरड्या जागी निजवायचे होते, दोघांना बाहेर नक्की काय चालले आहे एवढेच विचारायचे होते. जनरेटर सुरू केला, एका एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा बोर्ड जोडला (असे करू नये, हे आमच्याच आराखड्यात लिहिले आहे), आणि दुपारपर्यंत संदर्भ विभागाच्या लांब टेबलावर चार्जरच्या वायरींचे जाळे पसरले.

त्यांतले एक वयस्कर गृहस्थ अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. नुकसानभरपाईचा अर्ज फक्त ऑनलाइन भरायचा होता. कागदपत्रे त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरून आणली होती, त्यामुळे ती कोरडी राहिली होती. पण अर्जाच्या शेवटी ओटीपी मागितला जाई, आणि तो येणार होता दोन दिवसांपूर्वी पाण्यात बुडालेल्या त्यांच्या फोनवर. माझ्या सहकारी बाईंनी केसांतली पिन काढली, तिच्या टोकाने त्या बंद पडलेल्या फोनमधले सिमकार्ड बाहेर ओढले, रुमालाने टिपून स्वतःच्या फोनमध्ये घातले, आणि आम्ही सगळे त्या फोनकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने सहा आकडे उमटले. ते त्यांनी एकेक करून मोठ्याने वाचले आणि मी टंकित केले. त्या दिवशी देवघेवीच्या नोंदीत एकही पुस्तक नाही. वार्षिक अहवालाच्या तक्त्यात तो दिवस शून्य म्हणून छापला गेला, आणि तो तक्ता मीच तयार केला होता.

आमच्याकडे घडले ते काही जगावेगळे नव्हते, हे मला नंतर कळले. २००५ मध्ये कतरिना वादळाने अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर हाहाकार माजवला, तेव्हा विस्थापितांनी सरकारी मदतीचे अर्ज भरण्यासाठी आणि हरवलेल्या नातेवाइकांचा शोध घेण्यासाठी जवळच्या ग्रंथालयांतील संगणकांपुढे गर्दी केली होती. पुढे २०११ मध्ये तेथील केंद्रीय आपत्ती यंत्रणेने, आपत्तीनंतर तात्पुरती जागा मिळण्यास पात्र असलेल्या अत्यावश्यक सेवांत ग्रंथालयांचाही समावेश केला. २०१२ च्या सँडी वादळानंतर न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागात, किनाऱ्यालगतच्या शाखा निकामी झाल्या असताना, ग्रंथालयाची गाडीच रस्त्यावर उभी राहून लोकांना आसरा आणि माहिती देत होती. अत्यावश्यक हा शब्द आमच्या कोणत्याही कागदावर मी अजून वाचलेला नाही.

मंगळवार

आज दिवसभर जुने दाखले वाचत होते. ग्रंथालय आणि युद्ध हे दोन शब्द एकत्र आले की पहिल्यांदा समोर येते ती आग. ३१ मे १९८१ च्या रात्रीनंतर जळालेले श्रीलंकेतील जाफनाचे सार्वजनिक ग्रंथालय, ज्यात सुमारे ९७,००० पुस्तके आणि ताडपत्रांवरच्या दुर्मीळ पोथ्या नष्ट झाल्या. ऑगस्ट १९९२ मध्ये बोस्नियातील युद्धात वेढ्यात सापडलेल्या सारायेव्होतले राष्ट्रीय ग्रंथालय, ज्याच्यावर डोंगरांवरून तोफगोळे डागले गेले आणि ज्याची राख शहरभर पडत राहिली. तेथे कर्मचारी आणि नागरिक गोळीबाराखाली हातोहात पुस्तके बाहेर काढत होते. त्याच सुमारास ऐदा बुतुरोविच ही ग्रंथालयात काम करणारी तरुणी घरी परतताना तोफगोळ्याने मारली गेली. हे वाचून पुढे जाता येत नाही, काही वेळ थांबावेच लागते.

तरीही माझी एक तक्रार आहे. या कथांत ग्रंथालय नेहमी बळी असते किंवा पुस्तकांची सुटका करणारा एखादा वीर असतो. २००३ मध्ये इराकमधील बसरा येथील मुख्य ग्रंथपाल आलिया मुहम्मद बाकेर यांनी शेजाऱ्यांच्या मदतीने भिंतीवरून पलीकडच्या उपाहारगृहात पुस्तके पोहोचवली आणि सुमारे ३०,००० ग्रंथ वाचवले. हे अद्भुतच आहे. पण वीराची गोष्ट सांगायला सोपी असते. वेढ्याच्या पन्नासाव्या दिवशी ठरलेल्या वेळेला दार उघडणाऱ्याची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण तीत काही घडतच नाही. सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी झालेल्या १९५४ च्या हेग करारानेही युद्धात संरक्षण दिले ते संग्रहालयांना आणि, करारातील शब्द आहे, मोठ्या ग्रंथालयांना. लहान ग्रंथालयांचे काय, असा प्रश्न लहान ग्रंथालयात बसून वाचणाऱ्याला पडणारच.

म्हणून मला लंडनमधील बेथनल ग्रीन अधिक जवळचे वाटते. ७ सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात तेथील मध्यवर्ती ग्रंथालयाचे छप्पर उडाले. जवळच भुयारी रेल्वेचे एक अर्धवट बांधलेले स्थानक होते आणि हजारो लोक रात्री तेथे आसऱ्याला उतरत असत. ग्रंथपालांनी रुळांवर फळ्या टाकून तेथेच सुमारे ४,००० पुस्तकांचे छोटे ग्रंथालय उभे केले. वर शहर पेटलेले असताना खाली माणसे रांगेत उभी राहून आपापले पुस्तक निवडत होती, आणि माझी खात्री आहे की त्या रांगेतही कोणीतरी मुदत उलटून गेल्याची सबब सांगत असणार.

आणि विल्ना, म्हणजे आजच्या लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस. १९४१ च्या सप्टेंबरमध्ये नाझींनी तेथील ज्यूंना घेट्टोत, म्हणजे शहराच्या एका बंदिस्त वस्तीत, कोंडले, तेव्हा वॉर्सातून परागंदा होऊन आलेल्या हर्मन क्रुक यांनी घेट्टोच्या हद्दीत सापडलेल्या एका इमारतीत ग्रंथालय सुरू केले. माणसे मोठ्या संख्येने पकडून नेली जात, आणि दुसऱ्या दिवशी उरलेली माणसे पुस्तक बदलायला येत. बहुतेकांना कादंबऱ्या हव्या असत. डिसेंबर १९४२ मध्ये या ग्रंथालयाने एक लाखाव्या पुस्तकाच्या देवघेवीनिमित्त एक समारंभही केला. क्रुक रोजनिशी लिहीत असत. सप्टेंबर १९४४ मध्ये एस्टोनियातल्या छावणीत त्यांनी आपल्या वह्या जमिनीत पुरल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मारण्यात आले. त्या वह्या नंतर सापडल्या.

आपल्याकडे पुस्तक ‘बदलून आणणे’ असे सहज म्हटले जाते. घेट्टोतला माणूस ज्याला दुसरे काहीही बदलता येत नव्हते, तो निदान एवढे बदलू शकत होता. समारंभाचा तो एक लाखाचा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा मला तो चमत्कारिक वाटला होता, काहीसा अप्रस्तुतही. आज तसे वाटत नाही. आमच्या अहवालातल्या शून्याइतकाच तोही एक आकडा आहे, फक्त तो लिहिणाऱ्याला आपण काय मोजत आहोत हे ठाऊक होते.

बुधवार

आज फार लिहिणे नाही. तळघरातल्या जुन्या मासिकांपैकी एक बाद झालेला अंक मुद्दाम बादलीत बुडवून पाहिला, कारण ओल्या पुस्तकांचे काय करायचे हे मी फक्त ऐकून होते. चकचकीत कागदाची पाने तासाभरात एकमेकांना अशी चिकटली की सोडवताना छपाईच निघून आली. साध्या कागदाचा भाग बरा होता. दर आठ-दहा पानांमागे टीपकागद घालून तो उभा ठेवला आहे. फुगून त्याचा पंखा झाला आहे आणि कार्यालयात शेवाळ्यासारखा वास सुटला आहे, त्याबद्दल सकाळपासून तिघांनी विचारणा केली.

नियम साधा आहे: ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, म्हणून तेवढ्या वेळात जे वाळवता येत नाही ते गोठवावे. गोठले की नासाडी थांबते आणि पुढे सावकाश वाळवता येते. नोव्हेंबर १९६६ मध्ये आर्नो नदीचे पाणी फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरले, तेव्हा चिखलातून पुस्तके काढायला देशोदेशींची तरुण मुले येऊन थांबली. लोकांनी त्यांना चिखलातले देवदूत म्हटले. ओल्या कागदाच्या शास्त्राला खरी चालना मिळाली ती त्या चिखलाने. आमच्या आराखड्यात मात्र जवळचे शीतगृह कोणते आणि तेथे फोन कोणी करायचा, एवढेच लिहायचे आहे. एक मुद्दा तेवढा जोडते: पूर ओसरल्यावर लोक स्वतःचे घरातले फोटो, दाखले, खतपत्रे घेऊन येतील आणि ‘तुम्हाला कागदातले कळते’ म्हणतील. टीपकागद त्यांच्यासाठीही आणून ठेवावा लागेल.

गुरुवार, उशिरा

मसुदा निम्मा झाला. अडले आहे ते वेगळ्याच ठिकाणी.

मदत केंद्राच्या दारात माणसाला आपण आपद्ग्रस्त आहोत हे दाखवून द्यावे लागते. नाव, पत्ता, शिधापत्रिका, किती जण, काय बुडाले. हे योग्यच आहे, नाहीतर मदतीचे वाटप होणार कसे? ग्रंथालयात मात्र कोणीही येऊन बसावे, आणि का आलात असे त्याला कोणी विचारू नये, ही आमची रोजची पद्धत आहे. संकटात तिचीच किंमत सर्वांत जास्त होते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसन या गावी पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मारला गेला, रस्त्यांवर संघर्ष पेटला आणि शाळा उघडणे लांबणीवर पडले. तेव्हा पूर्ण वेळ एकच ग्रंथपाल असलेले तेथील छोटे ग्रंथालय उघडे राहिले आणि शिक्षकांनी तेथेच मुलांचे वर्ग भरवले. २०२२ नंतर युक्रेनमधील ग्रंथालयांत विस्थापितांसाठी भाषावर्ग चालले, तळघरांत लोक आसऱ्याला थांबले, आणि वाचनकक्षांत सैन्यासाठी छद्मजाळ्याही (शत्रूच्या नजरेपासून लपवणाऱ्या जाळ्या) विणल्या गेल्या.

त्या जाळ्यांपाशी मी अडखळते. ज्याच्या देशावर हल्ला झाला आहे, त्याला तटस्थ राहा असे लांब बसून सांगण्याचा मला अधिकार नाही. पण संघर्ष एकाच गावातल्या दोन गटांत असेल, तर ग्रंथालय एका गटाचे दिसू लागताच दुसऱ्याला दार बंद झाले. आणखी एक गोष्ट, जी शांततेत कोणाच्या लक्षातही येत नाही: कोणी कोणते पुस्तक नेले, याची आमची नोंद ही शेवटी नावे आणि पत्ते असलेली यादी आहे. चुकीच्या हातात पडली तर ती घरे शोधायला उपयोगी पडेल. म्हणून मसुद्यात लिहिले आहे की, पुस्तक परत आले की वाचकाचे नाव त्या नोंदीतून पुसले जावे, आणि ही सवय आतापासूनच लावावी. गडबड सुरू झाल्यावर यादी पुसायला कोणाला वेळ मिळणार?

खरी अडचण माणसांची आहे. दार आपोआप उघडत नाही. बगदादच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक साद एस्कंदर यांनी २००६-०७ मध्ये लिहिलेली रोजनिशी ब्रिटिश लायब्ररीने आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केली होती. तीत ग्रंथांविषयी कमी आणि कर्मचाऱ्यांविषयी जास्त आहे: कोणाला धमकी आली, कोणाला घर सोडावे लागले, कोणाचा भाऊ मारला गेला. मार्च २०११ च्या सुनामीत जपानमधील रिकुझेन्ताकाता शहराच्या ग्रंथालयातले कर्मचारीच वाहून गेले. ‘ग्रंथालय समाजाच्या पाठीशी उभे राहते’ असे लिहिताना वाक्याचा कर्ता इमारत असते, पण उभी राहतात माणसे, आणि त्याच पुरात त्यांचीही घरे असतात.

म्हणून तिसऱ्या पानाची सुरुवात मी अशी केली आहे: स्वतःचे घर आणि घरची माणसे सुरक्षित असल्याशिवाय कोणीही कामावर येऊ नये, आणि न आल्याबद्दल कोणासही जाब विचारला जाऊ नये. त्याखाली: इमारत सुरक्षित असल्याचे तपासून झाल्यावर शक्य तितक्या लवकर, निदान चार तासांसाठी, ठरावीक वेळेत दार उघडावे. ओळखपत्र मागू नये. विलंबशुल्क घेऊ नये. बुडालेल्या पुस्तकांची भरपाई सभासदांकडून मागू नये. प्रत्येक दिवशी आलेल्या माणसांची संख्या नोंदवावी, नावे नोंदवू नयेत. चार्जिंगसाठी मान्यताप्राप्त बोर्ड आणि सिमकार्ड काढण्याची पिन काउंटरच्या पहिल्या खणात ठेवावी.

शेवटचे कलम किल्ल्यांचे आहे. एक किल्ली माझ्याकडे. दुसरी इमारतीच्या सर्वांत जवळ राहणाऱ्याकडे असावी, म्हणून त्या सहकारी बाईंचे नाव लिहिले होते. मग आठवले की त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत, आणि नाव खोडले. ती जागा सध्या कोरी आहे. उद्या सकाळी त्यांनाच विचारते. त्या बहुधा माझ्या आधी येऊन बसलेल्या असतील.