तुम्ही विचारलंत म्हणून: टीबीत व्हिटॅमिन डीची पुडी घ्यावी का?

टीबीचे उपचार सुरू झाले की रुग्णाच्या घरचे हमखास विचारतात, "डी कमी निघालंय, पुडी चालू केली तर लवकर बरं वाटेल ना?" कमतरता असेल तर ती जरूर भरून काढा, पण टीबी त्याने लवकर बरा होत नाही.

प्रश्न मात्र खुळचट नाही. क्षयाचा जंतू गिळलेली भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, रक्तातल्या साठ्याच्या डीपासून (२५-हायड्रॉक्सी) त्याचं सक्रिय रूप (१,२५-डायहायड्रॉक्सी) स्वतःच बनवते. ते रूप कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन तयार करायला लावतं. रक्तातला साठाच तोकडा असेल तर हे प्रथिन कमी बनतं, हे २००६ साली पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं.

माणसांत एवढं सरळ गणित जमलं नाही. लंडनमध्ये उपचार चालू असलेल्या रुग्णांना एक-एक लाख युनिटचे चार डोस दिले. २०११च्या निष्कर्षात थुंकीतले जंतू जायला लागणाऱ्या वेळात एकूण लक्षणीय फरक पडला नव्हता. मंगोलियात आठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला १४,००० युनिट दिली, तरी संसर्ग टळला नाही. उलट झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना धान्य-डाळीचा शिधा पुरवला, तेव्हा त्यांच्यातलं टीबीचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी घटलं. म्हणून घरातला पैसा मोजकाच असेल तर तो आधी डाळ, अंडी, शेंगदाण्यांवर जावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तपासणीचं. साठा कळायला २५-हायड्रॉक्सी करायची. २० नॅनोग्रॅमच्या खाली गेली तर सहसा कमतरता धरतात. टीबीचं औषध रिफॅम्पिसिन यकृतातली एन्झाइम्स वाढवतं आणि डी लवकर मोडतं, त्यामुळे उपचार चालू असताना आकडा खाली सरकला तरी औषध लागू पडत नाही असा अर्थ काढू नका.

खरी गोम कॅल्शियममध्ये आहे. मूत्रपिंड सक्रिय डी हिशेबाने बनवतं. क्षयाच्या गाठीतल्या भक्षक पेशींवर तो लगाम नसतो. त्यामुळे काही रुग्णांत साठा कमी असूनही सक्रिय डी जास्त असतं आणि कॅल्शियम चढतं. अशांना पुडी दिली तर ते आणखी वाढतं. शिवाय अशक्त रुग्णाचं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी असतं, म्हणून रिपोर्टातलं कॅल्शियम फसवं, खऱ्यापेक्षा कमी दिसतं. ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, उरलेल्याला ०.८ ने गुणा आणि ते कॅल्शियममध्ये मिळवा. कॅल्शियम १०.२ आणि अल्ब्युमिन २.५ असेल तर खरा आकडा ११.४, म्हणजे चढाच. हे पाहिल्याशिवाय पुडी सुरू करू नये.

६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदाच, साधारण आठ आठवडे, जेवणानंतर किंवा दुधातून घ्यायची. हीच पुडी 'ताकदीची' म्हणून रोज घेणारे असतात, घोटाळा तिथे होतो. सारखी तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ किंवा गोंधळल्यासारखं वाटू लागलं तर पुडी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टीबीच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.