सरगाठ

बुधवार, रात्र

गंजीच्या मागे आज सहज गेले, तर ताडपत्रीच्या दोरीला सरगाठ. मी कायम निरगाठ मारते, इतकी करकचून की सोडवताना दात लावावे लागतात. ही ओढली आणि सुटली. आत कपाटाएवढं भगदाड. पुढून गंजी जशीच्या तशी, मागून पोखरलेली.

मोजले. ४० गठ्ठे कमी. गठ्ठा १५ किलोचा, म्हणजे ६०० किलो. ४०० किलोच्या गाईला दिवसाला १० किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो. माझ्या दोघींचं महिनाभराचं खाणं गेलं. एका रात्रीत नसणार, थोडं थोडं करून. मी रोज पुढूनच काढत होते ना!

काळपट पडलेले, कुबट वासाचे गठ्ठे त्याने बाजूला ठेवलेत. नेलेत ते हिरवट, चांगले वाळलेले. आणि जाताना ताडपत्री नीट ओढून बांधलीय. उघडी टाकली असती तर ओल शिरून उरलेल्याला बुरशी धरली असती, गंजी आतून तापली असती. ओलं गवत दाबून रचलं की कधीकधी आपोआप पेटतंसुद्धा. हे ज्याला कळतं, त्याच्या दावणीला जनावर आहे. त्यापेक्षा भुरटा चोर परवडला.

तक्रार दिली. "तुमचं गवत ओळखायचं कशावरून?" असं विचारलं तिथे. खरंच, कशावरून? पुढच्या वेळी गठ्ठ्यांना लाल सुतळी बांधेन म्हणते. ती कापून टाकायला कितीसा वेळ लागतो, ते सोडा.

सांडलेल्या काड्यांचा माग काढत गेले. बांधावरून निघून तो मोठ्या रस्त्याला संपला. कुणाच्या गोठ्याकडे वळला नाही म्हणून हायसं वाटलं, आणि मग स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी शेजारचे काका गंजी रचायला आले, न बोलावता. अंधार पडेपर्यंत खपले. शेवटी ताडपत्रीचं त्यांच्या बाजूचं टोक बांधायला घेतलं, तेव्हा माझ्या हातातली बॅटरी नकळत त्यांच्या बोटांवर गेली आणि तिथेच राहिली.

"काय बघतेस गं?"

"काही नाही. घट्ट बांधा."

निरगाठच मारली त्यांनी. दोनदा. मग हात झटकले आणि निघाले. रोज जाताना "येतो गं" म्हणतात, आज नाही म्हणाले.