तुम्ही विचारलंत म्हणून: सिलोसोच्या वाटेवर मी डबे का शोधतो

सिंगापूरमधल्या आपल्या मंडळींच्या दर जेवणावळीत कुणीतरी विचारतंच, "जिथं लढाई झाली त्या सिलोसोच्या किल्ल्यावर जीपीएस घेऊन डबे हुडकताना तुला काही वाटत नाही?" हा खेळ म्हणजे जिओकॅशिंग: कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसवरून हुडकायचा आणि आतल्या लॉगवर, म्हणजे कागदावर, सही करायची. एव्हाना तुम्हाला ते पाठ आहे, म्हणून जास्त सांगत नाही.

आधी उलट प्रश्न. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपान्यांनी ठार केलेल्या चिनी नागरिकांची सुमारे ३०० प्रेतं हा किल्ला ज्या सेंटोसा बेटावर आहे त्याच्याच किनाऱ्याला लागली. शरण गेलेल्या ब्रिटिश तोफचींनी ती पुरली. त्या भागात आज गोल्फ खेळतात. तुम्ही त्याच बेटावर युनिव्हर्सल स्टुडिओला पोरं घेऊन जाता, वाळूत बसून भेळ खाता. तुम्हाला कुणी हटकत नाही. मी कठड्याखाली हात घातला की लगेच हुतात्म्यांचा अपमान!

पूर्वी मी याला गोंडस उत्तर द्यायचो: या खेळामुळे इतिहास कळतो. अर्धंच खरं होतं ते. हेच बघा: जपानी मागून, जमिनीवरून आले हे खरं, पण सिंगापूरच्या सगळ्या तोफा समुद्राकडे तोंड करून अडकल्या होत्या, ही दंतकथा. बऱ्याच तोफा वळत होत्या, सिलोसोच्या तर वळवून जमिनीकडे डागल्याही. पण गोळे मुख्यतः जहाजाचं चिलखत फोडणारे, पायदळावर त्यांचा उपयोग थोडा. हे मला फलकांनी आणि पुस्तकांनी शिकवलं. डबा शोधताना मी बघतो काय? फटी, पाइप, चुंबक चिकटेल असं लोखंड. तेही तोफेकडे पाठ करून.

तरीही जातो. का, ते विचारू नका. म्हणजे विचारलंतच आहे म्हणा.

अण्णा, माझे वडील, आले होते तेव्हाचं सांगतो. साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. अकरा मजले उंचीच्या त्या स्कायवॉकवरून चालत आम्ही किल्ल्यापाशी पोचलो. अण्णा खुशीत होते. तोफ कुठल्या बाजूला किती फिरत असेल, दारूगोळा खालून वर कसा चढवत असतील, माझ्या पोराला समजावून सांगत होते. परतीच्या वाटेवर, किल्ल्याच्या बाहेर, मोबाइलवरचा बाण एका कठड्याशी थांबला. मी गुडघ्यावर बसलो, खाली हात घातला. बोटांना काळ्या टेपने गुंडाळलेली फिल्मची डबी लागली.

"हात काढ! मागं हो!"

असा आवाज मी लहानपणीही ऐकला नव्हता. दोन पर्यटक जागीच थांबले. अण्णांनी नातवाला दंडाला धरून केव्हाच लांब नेलं होतं. मी हसत डबी वर धरली, "अहो अण्णा, खेळ आहे हा." त्यांचा चेहरा पांढराफटक. काश्मिरात काढलेल्या वर्षांबद्दल ते घरी कधी बोलले नाहीत. त्या दिवशीही बोलले नाहीत. बाकावर जाऊन बसले आणि पाणी मागितलं.

मी लॉगवर सही केली का? केली. ते बाकावर असतानाच केली, पटकन. तुम्हाला हे निर्लज्जपणाचं वाटेल. मला आजही तसं वाटत नाही, पण त्या सहीचं वेळापत्रक बघून बायको आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नव्हती.

ट्रेनमध्ये बसल्यावर अण्णांनी विचारलं, "काय होतं त्यात?"

"कागद. आधी आलेल्यांची नावं."

"आणि हे कोण ठेवतं? कुणाला पुसून?"

मी नियम सांगायला लागलो. पुरायचं नाही, जागामालकाची परवानगी हवी, डब्याची नोंद सगळ्यांना दिसण्याआधी दुसरा माणूस ती तपासतो. बोलता बोलता गाडीत घोषणा झाली, बेवारस वस्तू दिसल्यास कळवा. अण्णांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

म्हणजे बघा, तुमचा प्रश्न मेलेल्यांचा आहे. त्यावर मी तुमच्याशी रात्रभर भांडेन. अण्णांचा जिवंत माणसांचा होता. तिथे माझी वकिली चालत नाही.

पुढे मी डबी लावणाऱ्याला लिहिलं, तिच्यावर खेळाचं नाव ठळक घाल. त्यानं लगेच स्टिकर लावला. फोनवर अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "स्टिकर काय, कुणीबी चिकटवंल."