मगिद्दोचा दरवाजा नेमका कोणाचा?

इस्राएलमधल्या हैफाहून मगिद्दो, हे प्राचीन शहराचं टेकाड, फार लांब नाही. आपल्याकडे नदीकाठच्या गावालगत पांढरीचं टेकाड असतं ना, तसंच हे, फक्त अवाढव्य. वीसहून जास्त वस्त्यांचे थर, एकावर एक.

मला बघायचा होता सहा खोल्यांचा दरवाजा. आता त्याची एकच बाजू दिसते: घडीव दगड, ओळीने तीन कप्पे. लोक फोटो काढून पुढे सरकतात. पण बायबलच्या पुरातत्त्वातलं सर्वांत चिवट भांडण याच दगडांवरून चाललंय.

बायबलमधल्या 'राजे'च्या पहिल्या ग्रंथात (९:१५) शलमोन राजाने हासोर, मगिद्दो आणि गेजेर बांधल्याचं लिहिलंय. पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांना १९५०च्या दशकात हासोरला असाच दरवाजा मिळाला. मग त्यांनी गेजेरच्या जुन्या उत्खननाचा नकाशा पुढ्यात घेतला. तिथे आधी खणणाऱ्या मॅकॅलिस्टरने ज्याला मक्कबींचा, म्हणजे कितीतरी नंतरच्या ज्यू राज्यकर्त्यांचा, किल्ला म्हटलं होतं, त्यात यादिनना दरवाजाची अर्धी बाजू दिसली. पुढे खणल्यावर उरलेली अर्धी खरंच निघाली! तीन शहरं, तीन दरवाजे, राजा एक.

१९९६ मध्ये पुरातत्त्वज्ञ इस्राएल फिंकेलस्टाईन यांनी या सगळ्याला सुरुंग लावला. त्यांच्या मते मगिद्दोचा हा थर इ.स.पू. दहाव्या नव्हे, नवव्या शतकातला, म्हणजे शलमोनाचा नाही, नंतरच्या उत्तरेकडच्या इस्राएल राज्यातल्या अम्री-अहाब या राजांच्या घराण्याचा. जवळच्या इज्रेल गावातल्या अहाबकालीन वाड्यात अशीच खापरं मिळतात, हा त्यांचा मुद्दा. दुसरे पुरातत्त्वज्ञ अमिहाई मझार यांना तारखा एवढ्या अलीकडे सरकवणं मान्य नाही. रेडिओकार्बन निकाल लावेल म्हणावं, तर वादच शंभराच्या आतल्या वर्षांचा, एवढा बारीक फरक त्यात धड उलगडत नाही. बायबलच्या ओळीवरून थराचं वय ठरवायचं आणि त्याच थराने ती ओळ खरी ठरली म्हणायचं, हे मला कधीच पटलं नाही. तरी २०२३ मध्ये गेजेरच्या रेडिओकार्बन तारखा आल्या, त्या दहाव्या शतकाकडे झुकतात. घ्या!

पलीकडे खांबांच्या लांबट इमारती. खांबांना दोर ओवण्याजोगी भोकं, मध्ये अखंड दगडाच्या गव्हाणी. इथे खणणाऱ्या शिकागोच्या पथकाने याही तबेले म्हणून शलमोनाच्या खात्यावर टाकल्या, यादिननी अहाबाच्या, फिंकेलस्टाईन तर आठव्या शतकात नेतात. काहींच्या मते हे तबेलेच नव्हेत, कोठारं. पण असिरियाच्या शल्मनेसर तिसऱ्याचा शिलालेख इ.स.पू. ८५३च्या लढाईत अहाबाचे २००० रथ मोजतो. आकडा फुगवलेला धरला तरी उत्तरेच्या राज्याला घोडे कुठेतरी बांधावे लागलेच असणार. मी तबेल्यांच्या बाजूने.