पंपाचा आवाज आणि माझं बिल

कुणी विचारलं काय करतेस, की मी सांगते फ्रीलान्स कंटेंट रायटर आहे, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे ब्लॉग वगैरे?" हो, वगैरे. त्या वगैरेमध्येच सगळं आयुष्य चाललंय. वेबसाइटची पानं, केस स्टडी, न्यूजलेटर, ईमेलच्या सिरीज, कुठल्यातरी सीईओच्या नावाने लिंक्डइनवर पडणाऱ्या पोस्टी, आणि अधूनमधून "जरा दोन ओळी देता का" म्हणून फुकटात मागितलेल्या दोन ओळी, ज्यांना अर्धा दिवस जातो.

आज लिहायला बसले कारण काल परत तसलाच ब्रीफ, म्हणजे काय लिहायचं त्याची मागणी, आला. १२०० शब्द, कीवर्ड (लोक गूगलवर टाईप करतात तो शब्द) ८ वेळा, टोन फ्रेंडली पण प्रोफेशनल, आणि खाली रेफरन्स म्हणून तीन लिंक. तीनही लिंक त्यांच्याच स्पर्धकांच्या. उघडून बघितल्या तर तिन्ही लेखांत तीच सबहेडिंग, त्याच क्रमाने, म्हणजे त्या तिघांच्या रायटरनी पण एकमेकांच्या लिंक उघडूनच लिहिलेलं दिसतंय, आणि आता मी चौथी. ह्यात खरी माहिती पहिल्यांदा कुणी टाकली होती देव जाणे. टाकली होती की नाही तेच कळत नाही.

असाच ब्रीफ मला एकदा इंडस्ट्रियल पंप बनवणाऱ्या एका कंपनीकडून आला होता. विषय होता पंप का बिघडतो. रेफरन्सच्या लेखांची सुरुवात "आजच्या वेगवान युगात पंप हा उद्योगाचा कणा आहे" अशी, आणि शेवट "म्हणूनच नियमित देखभाल महत्त्वाची आहे". मधे काहीच नाही. मी मार्केटिंगवाल्या मुलीला म्हटलं, तुमच्या सर्व्हिसच्या माणसाशी अर्धा तास बोलायला मिळेल का? ती गप्पच झाली. म्हणाली आजपर्यंत कुठल्या रायटरने मागितलं नाहीये, बघते. आठवडा गेला, मी तीनदा आठवण केली, आणि शेवटी एक गृहस्थ फोनवर आले. आवाजावरूनच कळत होतं की ह्यांना हे सगळं टाइमपास वाटतंय. मी माझे प्रश्न सुरू केले, देखभालीचं वेळापत्रक वगैरे, ते हो-नाही करत होते. मग मी सहज विचारलं, साहेब, कस्टमरचा फोन आला की तुम्ही पहिलं काय विचारता?

"आवाज कसला येतोय ते."

आणि मग ते सुटले. म्हणाले, "मॅडम, आत खडी पडल्यासारखा आवाज येतोय म्हणाला ना, तर मी सांगतो बेअरिंगला हात लावू नका, आधी सक्शनची जाळी काढून बघा. लोक काय करतात, बेअरिंग बदलतात. नवीन बेअरिंग घालून आवाज तोच. मग म्हणतात पंपच खराब दिला." सक्शनची, म्हणजे पाणी ओढायच्या बाजूची, जाळी चोंदली आणि पंपाला आत पाणी नीट ओढता आलं नाही की दाब कमी होतो, पाण्यातच वाफेचे बुडबुडे तयार होतात, पुढे जास्त दाबाच्या जागी जाऊन ते फुटतात, आणि ह्या फुटण्यानेच तो खडीचा आवाज येतो, इंपेलरचा, म्हणजे आतल्या फिरत्या चाकाचा, धातू टोकरला जातो. ह्याला कॅव्हिटेशन म्हणतात हे मला आधीपासून माहीत होतं, तीनही रेफरन्स लेखांत तो शब्द होता. पण खडी कुणाच्याच लेखात नव्हती. आणि पंपाशेजारी उभा राहून फोनवर सर्च करणारा माणूस कॅव्हिटेशन टाईप करतच नाही ना, तो "पंपातून खडखड आवाज" असंच टाईप करतो. त्याला तो शब्द माहीत असता तर त्याने आधी जाळीच बघितली असती.

माझं सगळं काम ह्या एवढ्याशा गोष्टीत आहे असं मला वाटतं. लिहिणं नंतरचं. आधी जो माणूस रोज ती कटकट निस्तरतो त्याला गाठायचं आणि त्याच्या तोंडून ते बाहेर काढायचं, आणि हे काम कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

आता हिशोब बघा. ह्या लेखाला मी आधीचं वाचन केलं २ तास, कॉल १ तास, रेकॉर्डिंग परत ऐकलं दीड तास (साहेब मधेमधे दुसऱ्या फोनवर पण बोलत होते), लिहिलं ४ तास, दोन राऊंड करेक्शन २ तास, ईमेल आणि आठवणी करण्यात १ तास. साडेअकरा. पहिला ड्राफ्ट झाला ११४० शब्दांचा. दुसऱ्या दिवशी थंड डोक्याने वाचला, पसारा दिसला, कापत कापत ७८० वर आणला आणि लेख एकदम उभा राहिला. आणि बिल? शब्दाप्रमाणे. म्हणजे मी लेख चांगला केला म्हणून माझेच जवळपास एक तृतीयांश पैसे गेले. शिंप्याने नीट मापात कापड कापलं म्हणून त्याची शिलाई कमी करावी तसं आहे हे. "आजच्या वेगवान युगात" हे तीन शब्द लोक का लिहितात ते मला त्या दिवशी कळलं. ते तीन शब्दांचे पैसे असतात.

तेव्हापासून मी शब्दाचा रेट बंद केला. लेखाचा रेट सांगते, त्यात एक कॉल धरलेला, दोन राऊंड करेक्शन धरलेले, तिसऱ्या राऊंडला वेगळे पैसे. गंमत म्हणजे हे लेखी दिल्यापासून तिसरा राऊंड जवळपास कुणी मागतच नाही. आधी मात्र "अजून जरा पंच हवाय" वर सहा सहा राऊंड व्हायचे. (पंच म्हणजे काय हे आजवर एकाही क्लायंटने मला सांगितलेलं नाही. मी एक उद्गारचिन्ह वाढवते, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.)

बरं, कंपनीने लोकांच्या उपयोगाचं काहीतरी लिहून देणं हे काही नवीन खूळ नाहीये. जॉन डिअर ही नांगर-ट्रॅक्टरवाली कंपनी १८९५ पासून 'द फरो' नावाचं नियतकालिक काढतेय शेतकऱ्यांसाठी. मिशलिनने १९०० साली फ्रान्समध्ये गाडीवाल्यांसाठी गाइड काढलं, तेव्हा अख्ख्या देशात गाड्या जेमतेम तीनेक हजार, आणि ह्यांनी छापल्या ३५,००० प्रती, फुकट वाटायला. त्यात काय होतं, तर टायर कसा बदलायचा, पेट्रोल कुठे मिळेल, मेकॅनिक कुठे आहे, मुक्काम कुठे करायचा. लोक फिरले तर टायर झिजणार, झिजले तर विकले जाणार, सरळ हिशोब. पण ते गाइड गाडीत ठेवावंसं वाटत होतं कारण रस्त्यात अडकल्यावर ते उपयोगी पडायचं. आमचे साहेब आणि त्यांची सक्शनची जाळी हे त्याच जातीचं. माझ्याकडे येणारे ब्रीफ मात्र बहुतेक वेळा गाइड मागत नाहीत, गाइडसारखं दिसणारं काहीतरी मागतात.

आणि ह्याला गूगलची भीती कारणीभूत आहे, खरी आणि काल्पनिक दोन्ही. पोकळ भरताडाचे लेख सर्चमध्ये खाली ढकलायला गूगलने २०११ मध्ये पांडा नावाचा अपडेट आणला, ऑगस्ट २०२२ मध्ये लोकांसाठी लिहिलेल्या उपयुक्त कंटेंटवाला अपडेट आणला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांच्या ई-ए-टी (तज्ज्ञता, अधिकार, विश्वासार्हता) ह्या लेख पारखायच्या निकषांमध्ये अनुभवाचा अजून एक ई वाढवला. म्हणजे गूगल स्वतः सांगतंय की बाबांनो, हाताळलेल्या माणसाचं लिहा. क्लायंटने ह्यातून काय घेतलं? मला ईमेल आला, "प्लीज आर्टिकलमध्ये ई-ई-ए-टी ॲड करा." म्हणजे शेवटी वरून मीठ भुरभुरवतात तसं. मी लिहिलं, त्यासाठी मला तुमच्या माणसाशी बोलावं लागेल. उत्तर आलं, तो बिझी आहे, तुम्हीच ॲड करा. आता दुसऱ्याचा अनुभव मी कुठून ॲड करू?

कीवर्डचं पण तेच. मेटा कीवर्डचा टॅग (वेबपानाच्या कोडमध्ये लपलेली कीवर्डची यादी) आपण रँकिंगला वापरत नाही असं गूगलने २००९ सालीच जाहीर केलं, तरी अजून शीटमध्ये तो कॉलम असतो आणि मी तो गपचूप भरते. वाद घालायला लागणारा वेळ भरायला लागणाऱ्या वेळापेक्षा जास्त आहे.

मग आलं एआय. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या काही महिन्यांत माझे दोन क्लायंट गेले, एकाने निदान सांगितलं तरी, दुसरा नुसताच उत्तरं द्यायचा बंद झाला. खरं सांगू, जे गेलं ते तीन लिंक उघडून चौथा लेख लिहायचं काम होतं, ते मशीनने करावं ह्यात मला फार दुःख नाही, पैशाचं आहे. पण त्याच्या मागून जे आलं त्याने डोकं फिरलं. एका क्लायंटने माझा लेख एआयचं लिखाण ओळखणाऱ्या डिटेक्टरमध्ये टाकला आणि स्क्रीनशॉट पाठवला, की हा बराचसा एआयने लिहिलेला दिसतोय, पेमेंट होल्डवर. मी कॉलचं रेकॉर्डिंग दिलं, ड्राफ्टची व्हर्जन हिस्टरी दिली, ज्यात मी रात्री पावणेदोनला एकच वाक्य पाच वेळा बदललेलं दिसत होतं. नाही. डिटेक्टर हिरवा व्हायला हवा. ओपनएआयने स्वतःचा असला डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये काढला आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये बंद करून टाकला, म्हणजे ज्यांनी मशीन बनवलं त्यांनाच ओळखता येईना, ही लिंक पण दिली. उपयोग शून्य. शेवटी मी काय केलं, तर दोन चांगली वाक्यं वाकडी केली, एके ठिकाणी उगाच "ॲक्च्युअली" घुसवलं, एक स्वल्पविराम चुकवला. हिरवा! पेमेंट आलं. त्या क्लायंटचं काम नंतर मीच सोडलं, पण आधी पेमेंट येऊ दिलं, एवढी अक्कल आता आहे.

पेमेंटवरून आठवलं, नवीन लोकांनो, नेट ३०, म्हणजे पैसे ३० दिवसांत, असं लिहिलेलं दिसलं की ते ३० दिवस कधीपासून मोजणार ते विचारा. इनव्हॉइसच्या तारखेपासून, की लेख पब्लिश झाल्यापासून? माझा एक लेख मंजूर होऊन सात महिने पब्लिशच झाला नाही, कारण त्यांची नवीन वेबसाइट बनत होती. मी तारखा मोजत बसले होते आणि त्यांच्या मते दिवस सुरूच झाले नव्हते. आता अर्धे पैसे आधी घेते, उरलेल्यांचे दिवस ड्राफ्ट दिल्यापासून मोजते, पब्लिशशी माझा संबंध नाही.

नावाचं दुःख आधी होतं, आता नाही. घोस्ट रायटिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने लिहिण्यात, आपलं नाव नसतंच, एनडीए (गुप्ततेचा करार) असला की पोर्टफोलिओत पण दाखवता येत नाही, त्यामुळे माझी सगळ्यात चांगली कामं मी कुणालाच दाखवू शकत नाही आणि जी दाखवते ती मधली आहेत. एकदा एका सीईओच्या पोस्टखाली कुणीतरी कमेंट केली होती, "सर, तुमच्या लिखाणात एक प्रामाणिकपणा असतो." त्याला "मनापासून धन्यवाद" हे उत्तर पण मीच लिहून दिलं. मनापासूनच दिलं म्हणा.

तर तो पंपाचा लेख. मार्केटिंगला तो फारसा आवडला नव्हता, खडी हा शब्द प्रोफेशनल वाटत नाही म्हणून हेडिंगमधून काढा म्हणाले. मी हेडिंगमधून काढला आणि पहिल्या वाक्यात ठेवला, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. नंतर काय ट्रॅफिक आलं, किती लीड, म्हणजे ग्राहकांच्या चौकशा, आल्या, मला कुणी सांगितलं नाही, फ्रीलान्सरला ते कळत नाही सहसा. पण चारेक महिन्यांनी अनोळखी नंबरवरून फोन आला, तेच साहेब. नंबर त्यांनी मार्केटिंगकडून मागून घेतला होता. म्हणाले आता फोनवर समजावत नाही बसत, तुमची ती लिंक पाठवतो, निम्मे लोक जाळी साफ करून परत फोनच करत नाहीत.

मी म्हटलं, वा.

"वा काय, आता ते सीलचं पण लिहा. पंप कोरडा चालवतात आणि सील जाळून घेतात. मला रोज चार फोन. मी सांगतो, तुम्ही लिहून घ्या."

मी म्हटलं साहेब, मार्केटिंगकडून ऑर्डर यायला लागेल. ते म्हणाले ऑर्डरचं मी बघतो, तुम्ही पेन घ्या. घेतलं. चाळीस मिनिटं बोलले. ऑर्डर अजून आलेली नाहीये, नोट्स वहीत पडून आहेत, आणि कालच्या ब्रीफचे १२०० शब्द शुक्रवारपर्यंत द्यायचेत.